गणपतरावांचे गावनाते

गणपतराव वैरागडे यांना परका माणूस सहन होत नसे. असा कोणी समोर आला की ते अस्वस्थ होत आणि पहिल्या संधीस त्याला नातेवाईक करून मोकळे होत.

त्यांच्याविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. आमच्या शाळेच्या स्मरणिकेत वकील देशकरांनी तर त्यांच्यावर चार परिच्छेद खर्ची घातले. ते चारही परिच्छेद चुकीचे आहेत. गणपतरावांच्या घरासमोर मी वर्षानुवर्षे राहिलो, त्या शाळेच्या पालक-सभेचा चिटणीस मी होतो आणि ज्या रविवारच्या जेवणावरून एवढा वाद माजला त्या पंक्तीतही मी होतो. देशकरही होते, हे मान्य. पण देशकर पानावर बसले की त्यांचे लक्ष पानात असते.

गणपतरावांचे इतवारीत बी-बियाण्यांचे दुकान होते. गिऱ्हाईक पायरी चढले की पहिला प्रश्न ठरलेला : "कोन्तं गाव गा तुमचं?" गावाचे नाव निघाले की त्या गावची कोण सून कुठे दिली, कोणाची साळी कुणाच्या पुतण्याला पडली, अशी गाठ गाठ सोडवीत ते थेट स्वतःपर्यंत येत. दरम्यान वाटाण्याचे बियाणे मागणाऱ्याच्या पिशवीत हरभरा पडलेला असे. त्याने तक्रार केली तर म्हणत, "घरचाच माणूस हायेस. हरबरा लाव औंदा."

एकदा सीताबर्डीच्या चौकात, सायकलला दिवा नाही म्हणून पोलिसाने त्यांना अडविले. तो पोलीस भंडाऱ्याकडचा निघाला. पाच मिनिटांत तो गणपतरावांचा भाचा झाला होता आणि खाली मान घालून उभा होता. "मामाले अडवतं काबे? तुह्या मायले सांगू का?" अखेर त्याने स्वतः सायकल ढकलीत त्यांना पुढच्या चौकापर्यंत पोचविले. दुकान तपासायला आलेला एक अधिकारी असाच गावचा जावई निघाला. गणपतरावांनी त्याला पाटावर बसवून टॉवेल आणि नारळ दिला. तो बिचारा इतका गोंधळला की तपासणी न करताच निघून गेला. ही लाच होती असे म्हणणारे लोक आहेत. तो टॉवेल मी पाहिला आहे. त्याला लाच म्हणणे हा लाचेचा अपमान होय.

माझ्यापुढे मात्र ते काही काळ हतबल झाले होते. मी पडलो कोकणातला. पण एका दुपारी त्यांनी शोध लावला की माझ्या पत्नीच्या आजीचा भाऊ कधीकाळी कामठीला मास्तर होता. त्या दिवसापासून माझी पत्नी त्यांची पुतणी झाली आणि मी 'जवाईबापू' झालो. आमच्याकडे जावयाला फार मान आहे, असे ते मला सांगत. इतरांना सांगत, "जवायाले बोलू देत जा. आयकाचं नसते."

आता शाळेविषयी. एका मठाच्या विश्वस्तांनी चालविलेली ती मराठी शाळा होती. नाव मी घेत नाही, कारण तिने माझ्या मुलांना उत्तम गणित शिकविले. प्रवेशाचा नियम असा होता की मठाच्या भाविकांची मुले आधी, मग भाविकांच्या आप्तांची आणि जागा उरल्यास इतरांची. जागा उरत नसे. गणपतराव मठाचे जुने भाविक. त्यांना मूलबाळ नव्हते, पत्नी फार पूर्वी वारलेली. तरीही भाविकांचे प्रतिनिधी म्हणून पालक-सभेला ते सर्वांआधी येऊन पहिल्या रांगेत बसत.

सत्तरच्या दशकाच्या आरंभीची गोष्ट. कौसल्याबाई मेश्राम नावाची एक स्त्री आपल्या प्रज्ञा या मुलीला पहिलीत घालण्यासाठी आली. यजमान खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर. दीक्षाभूमीवरच्या त्या ऐतिहासिक सोहळ्यात तिच्या माहेरच्यांनी आणि सासरच्यांनी बौद्ध धम्म स्वीकारलेला. मुख्याध्यापकांनी नियम दाखविला. ती म्हणाली, नियम लिहिणाऱ्यांना भेटायचे आहे. प्रकरण पालक-सभेपुढे आले. अध्यक्षस्थानी मठाचे वृद्ध विश्वस्त दादासाहेब होते.

देशकर लिहितात की 'सभेत सर्वत्र सद्भावनेचे वातावरण होते.' वातावरण कसे होते ते मी सांगतो.

"प्रश्न जातीचा नाहीच," देशकर स्वतः म्हणाले, "प्रश्न संस्कारांचा आहे."

"मिशनच्या शाळेत त्यांच्या त्यांच्या मुलांना आधी घेतातच की," मागून एक गृहस्थ म्हणाले. "तिथे कोणी जाब विचारत नाही."

"आणि सकाळच्या प्रार्थनेचं काय?" एका मातोश्रींनी विचारले. "आमच्या मुलांनी हात जोडायचे आणि हिनं बघत राहायचं?"

"पोट्टी हात नाई जोडनार," कौसल्याबाई म्हणाली. "आमचा धम्म येगळा हाय. पन थे गुमान उभी राहीन. गडबड नाई करनार."

"हे बरं हाय," गणपतराव वळून त्या मातोश्रींना म्हणाले. "तुमचा बंड्या प्रार्थना चालू असली का पेरू खाते वं बाई. म्या पाह्यलं."

दादासाहेबांनी हसू दाबले आणि कौसल्याबाईला विचारले, "मुली, गावात इतर शाळा आहेत. हीच का?"

"तुमच्या शाळेची भिंत अन् आमच्या वस्तीची भिंत एकच हाय, साहेब. तुमची घंटी माह्या घरात आयकू येते. पोट्टी थे घंटी आयकून उठते. मंग दोन मैल पायी काहून जाईन थे?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते, म्हणून सगळे एकदम बोलू लागले. त्या गलबल्यात गणपतराव उठले आणि त्यांनी आपला तो ठरलेला, गावाचा प्रश्न विचारला. कौसल्याबाईने मौद्याजवळच्या एका गावाचे नाव घेतले. गणपतरावांचे डोळे विस्फारले. ते त्यांचेच गाव होते.

"कोनाची तू?"

तिने वडिलांचे नाव सांगितले.

"आता सांगा!" गणपतराव सभेकडे वळले. "गावची लेक हाय. म्हंजे माही बहीन. हे पोट्टी माही भाची. आप्त झाली. नियम तुमचाच हाय ना? घ्या लिहून."

देशकर हे निष्णात वकील होते, हे मी कधीही नाकारलेले नाही. ते शांतपणे उठले. "गणपतराव, बहीण ना? मग माहेरपणाला किती वेळा आली तुमच्याकडे?"

उत्तर कौसल्याबाईने दिले. स्मरणिकेत म्हटले आहे की ती या क्षणी रडली. ती रडली नाही. मी तिच्यापासून चार हातांवर बसलो होतो.

"नाई आली कदी," ती म्हणाली. "बलावलं नाई कोनी. गावात आमी समद्याइले मामा, दादा, काका म्हनत होतो. यायच्या बापाले मी आबा म्हनो. पन आबाच्या ओसरीवर पाय ठेवाची सोय नव्हती. पानी वरतून ओंजळीत घालत. नातं होतं, साहेब. आंगनापुरतं होतं."

गणपतराव उभेच होते, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर. मग ते म्हणाले, "खरं हाय. येत्या ऐतवारी जेवाले येजो वं माह्या घरी."

"मले जेवन नाई पायजे, दादा. पोरीले शाळा पायजे."

"शाळा देनं माह्या हातात नाई. जेवन हाय. शाळा मिळो का न मिळो, तू येजो."

ती म्हणाली, "येईन. पन मांगच्या दारानं नाई. ओसरीवर पान नाई घ्याची. अंदर, चुलीजवळ बसन."

दादासाहेब म्हणाले की हे आप्तपण प्रत्यक्ष पाहूनच निर्णय द्यावा, म्हणजे पुढे कोणी बोट ठेवणार नाही. तेव्हा रविवारी ते स्वतः, देशकर आणि चिटणीस या नात्याने मी, असे तिघेही तेथे उपस्थित राहू असे ठरले. गणपतरावांनी हे सारे पालिकेच्या निवडणुकीवर डोळा ठेवून केले, असा एक प्रवाद आहे. ज्या माणसाला मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रावरील सर्व उमेदवार नातलग वाटत आणि म्हणून जो मत न देताच परत येई, तो निवडणूक काय लढविणार?

रविवारी माझी पत्नी मदतीला जाते म्हणाली, तर गणपतरावांनी तिला दारातूनच परतविले. "बहीन माही हाय. मीच रांधन." सकाळपासून त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर निघत होता आणि मधूनमधून त्यांचे स्वतःलाच दिलेले शिव्याशाप ऐकू येत होते.

कौसल्याबाई, तिचे यजमान आणि प्रज्ञा पुढच्या दाराने आले. गणपतरावांनी तिच्या पायावर पाणी घातले. ती दचकून मागे सरकली, मग उभी राहिली. चुलीजवळ पाने मांडली होती. आम्ही तिघे भिंतीशी बसलो होतो. देशकरांनी आधीच जाहीर केले होते की त्यांना भूक नाही, आणि खरे सांगायचे तर पानावर बसायला माझेही मन कचरत होते, तोंड उघडून तसे म्हणण्याचे धैर्य नसल्याने मी गप्प होतो एवढेच.

वांग्याची भाजी, पाटवडीचा रस्सा आणि पुरणपोळी. पोळी म्हणून जे काही पानात पडले त्याचा रंग शेतातल्या काळ्या मातीचा होता. गणपतराव तुपाची वाटी धरून समोर उकिडवे बसले.

"कसं झालं वं?"

कौसल्याबाईने घास खाल्ला. यजमानांनी तिला डोळ्याने खूण केली की चांगले म्हण. मुलीच्या प्रवेशाचे सगळे त्या एका घासावर अडले होते आणि ते तिलाही ठाऊक होते.

"पुरन करपलं, दादा," ती म्हणाली. "अन् वांग्यात मीठ नाई टाकलं तुमी."

यजमानांनी कपाळाला हात लावला. गणपतराव पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "टाकलं होतं वं. का रश्श्यात टाकलं दोन्हीचं?"

"रश्श्यातच टाकलं. म्हून थो खारट हाय."

आणि दादासाहेब हसू लागले. भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "देशकर," ते म्हणाले, "पाहुणी असती तर 'छान झालंय हो' म्हणाली असती. चुलीजवळ बसून असं तोंडावर सांगणारी बहीणच असते. माझ्या घरी चार आहेत, मला ठाऊक आहे. मुलीला उद्या शाळेत पाठवा. गणपत, मलाही वाढ."

प्रवेश असा मिळाला. 'सर्वानुमते, उदार दृष्टिकोनातून' वगैरे काही नाही. करपलेल्या पुरणावर मिळाला. दादासाहेबांनी पान घेतले तेव्हा माझीही जीभ सुटली आणि मीही पान मागितले. शेवटी देशकरांनी मागितले, आणि भूक नसलेल्या त्या गृहस्थांनी पोळ्या तीन वेळा घेतल्या.

मात्र त्या हशात कौसल्याबाई हसली नव्हती. तिने पाण्याचा घोट घेतला आणि विचारले, "साहेब, एक विचारू? पुरन बराबर झालं असतं तर माही पोट्टी भायेरच राह्यली असती?"

दादासाहेबांचे हसू थांबले. त्यांनी हातातला घास पानात ठेवला. "नाही राहायला पाहिजे, बाई," ते म्हणाले. "नियमच पाहावा लागेल." आणि तो त्यांनी पाहिला. पुढच्या प्रवेशांपूर्वी 'आप्त' हा शब्द आणि त्याच्या आसपासचे बरेच काही त्या नियमातून गेले. याचे श्रेय देशकर स्मरणिकेत कोणाला देतात ते वाचकांनी स्वतःच तेथे वाचावे. मी माझी लेखणी विटाळू इच्छीत नाही.

देशकरांचे शेवटचे म्हणणे असे की गणपतरावांना हार ठाऊक नव्हती, वाद जिंकण्यासाठी त्यांनी त्या दिवसापुरती बहीण उभी केली. त्याला माझे उत्तर आहे. वाद दुपारीच जिंकून झाला होता. दादासाहेब आणि देशकर टांग्यात बसून गेले. उन्हे कलल्यावर मेश्राम कुटुंब निघाले तेव्हा गणपतराव फाटकाशी आले. मी माझ्या गॅलरीत होतो. त्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर दोन गाद्या आणि एक लहान दुलई वाळत होती. एकट्या माणसाच्या घरात एवढे अंथरूण कशाला, असा प्रश्न मला तेव्हा पडला.

"माहेरपन म्हंजे एक जेवन नसते वं," ते खाली पाहत म्हणाले. "राहाची रीत असते. घर मोठं हाय. कोनी राहत नाई."

कौसल्याबाईने त्या गाद्यांकडे पाहिले. मग यजमानांकडे. ते भले गृहस्थ म्हणाले, "माही पहिली पाळी हाय उद्या. मी जातो. तू राह्य. उद्या पोरीले इथूनच शाळेत ने."

सोमवारी सकाळी, शाळेच्या घंटेला अजून अवकाश होता, पण गणपतराव नेहमीच्या वेळी दुकानाला निघाले नव्हते. असे कधी होत नसे, म्हणून मी काळजीने रस्ता ओलांडून गेलो आणि नेहमीच्या आवाजात त्यांना हाक मारली. ते ओसरीवर बसले होते. लगबगीने उठून फाटकापर्यंत आले आणि माझ्या तोंडावर हात ठेवण्याइतके जवळ येऊन कुजबुजले,

"हळू बोला, जवाईबापू. बहीन झोपून राह्यली हाय."