मुद्दाम चुकणाऱ्या सिंधूमावशी

सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या गृहिणी मंडळात सिंधूमावशी काहीही शिकवायला उभ्या राहिल्या की आधी ते चुकीचंच शिकवतात. चुकून नाही, मुद्दाम. गॅसच्या सुरक्षिततेचा वर्ग होता तेव्हा त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, "गॅसना वास येस ना, तव्हय पहिले काडी पेटाडानी आनि देखानं कोठून येस."

कल्पना नावाची एक सून कोपऱ्यात बसली होती. सासूला विचारल्याशिवाय पाणी न पिणारी. ती ओरडली, "नको ना मावशी, घर उडेल."

मावशींनी बायकांवरून एकदा तिरकी नजर फिरवली आणि त्यांचं ठरलेलं वाक्य आलं. "बठीसन नको. उभी ऱ्हाईसन सांग."

कल्पना उभी राहून सांगू लागली आणि मावशी तिच्या जागेवर जाऊन बसल्या. आता कल्पना गल्लोगल्ली गॅसचे वर्ग घेते. लग्नाला गेली तरी आधी आचाऱ्याचा सिलिंडर तपासते, मग नवरी बघते.

याचं मूळ एका संस्थेच्या मॅडममध्ये आहे. त्या आल्या, महिलांमधून स्वयंसेविका घडवा, नेतृत्व पुढे येऊ द्या म्हणाल्या, आणि चहा पिऊन गेल्या. कसं घडवायचं ते सांगायचं राहून गेलं. मावशींनी ते स्वतःच्या अकलेनं सोडवलं. त्यांच्या मते आपल्या बायका विचारलं तर बोलत नाहीत, पण समोर कुणी चुकीचं करत असेल तर त्यांना गप्प बसवत नाही. त्यात खोटं काही नाही.

शिवणाच्या वर्गात त्यांनी स्वतःचं चांगलं कापड घेतलं आणि ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. मंडळातल्या मंगलनं शेवटपर्यंत ओठ दाबून धरले होते. मावशींनी दुसरी बाही जोडायला घेतली तेव्हा मात्र तिच्या हातातून कात्री पडली आणि तोंडून 'हीपण डावीच' निघून गेलं. शिवण तेव्हापासून मंगलकडे आहे. मावशी तो ब्लाऊज अजून मंडळाच्या कार्यक्रमाला घालतात आणि उजवा हात जरा जपूनच वर करतात.

मी या सापळ्यात कधी सापडले नव्हते. माझं माहेर नाशिककडचं, त्यामुळे मावशींची अहिराणी कळते, बोलता येत नाही, हे एक कारण मी पुढे करत असे. खरं कारण म्हणजे मी दमलेली असते. नवरा लूम्सच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात; घरात साड्यांचे धागे कापायचं काम. एक गठ्ठा संपला की दुसरा दारात हजर. मंडळात मी जात होते ती निवांत बसायला मिळतं म्हणून. जी तोंड उघडते तिच्या गळ्यात काम पडतं, हे दिसत असताना कोण बोलेल? मावशींनी माझ्यासमोर डाळीत साखर ओतली, इस्त्री पाण्यात बुडवायला निघाल्या. मी शेजारणीच्या बांगड्या बघत बसले.

मागच्या होळीनंतर कल्पना आणि मंगल माझ्याकडे आल्या. मावशींचा सत्कार करायचा म्हणाल्या. शाल, नारळ, चार भाषणं.

"मग?" मी विचारलं.

"मग त्यांनी आराम करावा. हल्ली विसरतात त्या. परवा वर्गाचा दिवसच विसरल्या. आता आम्ही आहोत ना," कल्पना म्हणाली.

दोघी मनापासून बोलत होत्या. पण मावशी आराम करणार कुठे? एका खोलीत त्या एकट्या. मुलगा हजीऱ्याच्या कंपनीत, बायकापोरांसह तिकडेच क्वार्टरमध्ये. रविवारी येतो म्हणतो. त्यांना बाहेर काढणारं एवढं मंडळच होतं, आणि सत्काराची कुणकुण त्यांना लागलीच. मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "शाल दिधी म्हंजे बाईले घर बठाडतस वं." घरी बसवण्याचाच बेत होता तो. मी गठ्ठा उचलून घरात गेले.

त्यानंतर बिबड्यांचा दिवस आला. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर सगळ्या मिळून ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे खानदेशी पापड, करतो. आठवडाभर आधीपासून ज्वारी भिजत घालायची, भरडायची, मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा, मग ओल्या कापडावर थापून वाळवायच्या. प्रत्येकीनं घरून ज्वारी आणलेली. नव्या सुना मुद्दाम बोलावलेल्या, कारण त्या आपसात गुजराती बोलतात आणि बिबडी विकत आणतात.

मावशींनी उकळत्या पाण्यात मीठ टाकलं. लसूण, मिरची, तीळ टाकले. सुनांना काही गंमत सांगितली. मग पुन्हा मूठ भरून मीठ टाकलं आणि भरड वैरायला घेतली.

सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. आला सापळा. बोलेल तिला बिबड्या घालत उन्हाळाभर गच्चीवर उन्हात तापायला लागणार होतं, म्हणून एकही बोलेना. कल्पनासुद्धा पदराआड हसत होती.

मीही बांगड्या बघायच्या बेतात होते. पण चूक केल्यावर मावशी जी तिरकी नजर फिरवतात, ती त्यांनी फिरवली नाही. त्या खाली मान घालून ढवळत होत्या. त्यांचा हात तिसऱ्यांदा मिठाच्या डब्याकडे गेला. अजून थोड्या वेळानं कुणीतरी घाटा चाखणार होतं, मावशी खरंच विसरल्या हे कळणार होतं, आणि मग सत्काराची तारीखच ठरणार होती.

मी उभी राहिले. "मावशी, मीठ दोनदा पडलंय."

गच्चीभर हशा पिकला. "सापडली एकदाची," मंगल ओरडली. मावशींनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या तोंडून ते ठरलेलं वाक्य येईना. मी आधीच उभी होते. त्यांनी नुसतं लाकडी उलथनं माझ्या हातात दिलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसल्या.

वरचं अर्धं खारं पाणी काढून टाकलं, साधं पाणी ओतलं, सगळ्यांची उरलेली भरड त्यात वैरली. बिबड्या निभावल्या. माझा उन्हाळा मात्र गेला.

उतरताना जिन्यात मावशींनी माझा हात धरला. "आज मुद्दाम नव्हतं वं ते."

"माहीत आहे मला."

त्या दोन पायऱ्या उतरल्या. मग म्हणाल्या, "घरमा बी असंच व्हत व्हई. एकलीच जेवस मी. कोन सांगी?"

मला फार वाईट वाटलं. त्यांचा मला राग यायचा, कंटाळा यायचा, पण घरी जेवताना त्यांच्यासमोर कोण बसतं, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी साड्यांचा गठ्ठा काखोटीला मारून मी त्यांच्याकडे गेले. धागे काय, कुठेही बसून कापता येतात. मावशींनी काही न विचारता ताट वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी. मी एक घास खाल्ला.

"मावशी, भाजी खारट झालीय."

त्यांनी एकदा तिरकी नजर टाकली. डोळे भरलेले होते, तरी आवाज मंडळातलाच.

"बठीसन नको."

मी ताट हातात घेऊन उभी राहिले.