सिमल्याला बर्फ, नंदाखालला डगला

नंदाखालला जानेवारीतही दुपारचं ऊन असं चटकतं की केळीच्या पाटात पाय सोडून बसावंसं वाटतं. अशा उन्हात आमचे शेजारी पास्कूकाका लष्करी डगला घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून केळींना पाणी द्यायचे. लढाई संपल्यावर असले डगले मुंबईत स्वस्तात निघाले होते. कपाळावरून घाम निथळतोय आणि गृहस्थ म्हणतायत, "काय थंडी हाय मास्तर!"

मी आगाशीच्या शाळेत मास्तर. पहिल्यांदा मला वाटलं, ताप भरला असेल.

"ताप कसला? सिमल्याला बर्फ पडतो. काल रेडिओ बोलला."

उलटंही व्हायचं. रेडिओनं सिमल्याला आकाश निरभ्र सांगितलं, की आम्ही पहाटेच्या गारठ्यात कानाला फडकी बांधून कुडकुडत असायचो आणि काका उघडेबंब फिरायचे.

रेडिओ आगाशीच्या नाक्यावर, दाजीच्या हॉटेलात. संध्याकाळी अर्नाळ्याचे कोळी तिथं वाऱ्यावादळाची खबर ऐकायला जमत. काका रेडिओच्या अगदी पुढ्यातलं बाकडं अडवत. "येत्या चोवीस तासांत काश्मीर आणि सिमल्याच्या डोंगराळ भागात हिमवृष्टी, पंजाबात गडगडाटासह वादळी पाऊस..." एवढं झालं की काका उठून स्वतःच खुंटी पिळून रेडिओ बंद करत.

"अरे बाबा, आमचा दर्या ऱ्हायला ना!" कोळी ओरडत.

"तुमचा दर्या उद्या पन हाय."

मग जुंपायची. दाजी बिचारा चहाच्या कपबश्या सांभाळत मध्ये उभा.

या वेडाचं कारण गावाला ठाऊक होतं. काकांची एकुलती एक मुलगी कातरीन सिस्टर झाली होती आणि तिला सिमल्याकडच्या मठात धाडलं होतं. पोर छातीची दुबळी, आमच्या इथल्या थंडीतही तिला धाप लागायची. घरातलं लेकरू देवाला दिलं की आमच्याकडे आईबाप मान ताठ करून चालतात. काका तेवढं तोंडदेखलंही करत नसत.

"कातरीन नाव मी ठेवलं. मठवाल्यांनी ते काढून दुसरं लावलं. लावा! पन छाती कुठं बदलून दिली?"

फादर समजावत, "पास्कू, देव तिची काळजी घेईल."

"देव सोता गोठ्यात जन्मला फादर, तो पन थंडीत. त्याला तरी कळायला नको थंडी?"

एका हिवाळ्यात त्यांनी मुलीला जाड लोकरीचं ब्लँकेट पाठवलं. तिचं उत्तर आलं, ब्लँकेट छान उबदार आहे, मठाच्या मदरनी ते सगळ्यांत म्हाताऱ्या सिस्टरना दिलं, इथं कुणाचं काही स्वतःचं नसतं.

काका हॉटेलात येऊन धपकन बसले. "देवाच्या घरी सगळं सामाईक, मास्तर. थंडी तेवढी जिची तिची."

दुसरा कुणी नशिबाला बोल लावून गप्प बसला असता. काकांचं डोकं तिरकं. सगळ्यांना मिळाल्याशिवाय कातरीनला मिळणार नाही, तर मग सगळ्यांनाच द्यायचं! उन्हात वाळवून सुकेळी करायला राखलेले राजेळी केळ्यांचे घड त्यांनी तसेच विकून टाकले, रहाटाचा बैल विकला, आणि मठातल्या प्रत्येकीला एक अशी ब्लँकेटं बांधून रेल्वेनं रवाना केली. रविवारी फादरनी चर्चमध्ये मिस्सेत सगळ्यांसमोर पास्कूच्या उदार दानाचं कौतुक केलं. काका बाकावरूनच बोलले, "दान नाय फादर. लाच हाय."

त्या वर्षी बर्फ लवकर आला. घाट बंद झाला आणि गठ्ठे खालच्या स्टेशनात पडून राहिले. ते वर पोचले तेव्हा कातरीन नव्हती. न्यूमोनिया झाला होता. तिला तिथंच पुरलं, बापाला मूठभर मातीही देता आली नाही. मला तेव्हा सगळ्यांचा संताप आला. मठाचा आला, फादरचा आला, आणि "देवाची इच्छा" म्हणून आपापल्या घरी जेवायला गेलेल्या आमच्या गावाचाही आला. तो अजून उतरलेला नाही.

बरेच दिवस काका घराबाहेर पडले नाहीत. मग एका संध्याकाळी हॉटेलात आले. हवामान सुरू होताच दाजीनं चांगुलपणानं रेडिओ बंद केला.

"बंद कशाला केलास?"

"काका, आता कशाला..."

"लाव सांगतो ना!"

दाजीनं लावला. सिमल्याला जोराचा हिमवर्षाव, सोबत वादळी वारे. काका पुढं वाकून ऐकत होते. मी हळूच म्हटलं, "चला काका, घरी जाऊ."

"थांब रे. बाकीच्या पोरी हायत ना तिथं. त्यांचे बाप कुठं ऐकत असतील, नसतील." मग माझा हात धरून म्हणाले, "मास्तर, तुला इंग्लिश येते. मदरला लिही. ब्लँकेट एक उरलं असेल आता. ज्या पोरीची छाती दुबळी असेल, तिला दोन द्या म्हनावं."