न्हाय केलं तर काय होईल?

रघुशेटची दाढी करायला येणारा न्हावी साबण लावून वस्तरा उचलायचा, तेवढ्यात रघुशेट त्याचं मनगट धरत आणि विचारत, "आज न्हाय केली तर काय होईल?"

पहिली एकदोन वर्षं न्हाव्याने उत्तरं देऊन पाहिली. पाहुणे येतील, लोक हसतील, खाज सुटेल. पुढे तो शहाणा झाला. प्रश्न आला की वस्तरा हवेत धरून गप्प उभा राही. रघुशेट गालावरून हात फिरवत, थोडा विचार करत आणि म्हणत, "बरं, कर."

हा प्रश्न त्यांनी पोरीच्या लग्नात भटजींनाही सोडला नाही. एका मंत्रापाशी त्यांनी हात वर केला आणि हा न्हाय म्हटला तर काय होईल, असं विचारलं. भटजी जरा घुटमळून म्हणाले, तसं काही होणार नाही, लग्न लागेल. रघुशेट म्हणाले, मग सोडा. पुढच्या मंत्राला परत तोच प्रश्न. भटजी आता चिडले होते. हा सोडला तर लग्नच लागणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. "मग दोनदा म्हणा," रघुशेट म्हणाले.

मी तेव्हा भाईंदरजवळच्या मुर्ध्याच्या शाळेत मास्तर होतो आणि रघुशेटच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. मासळी मी खात नसे. त्यांची भातशेती होती, खाडीकडे मिठागरं होती, आणि घरात रघुशेट नि आनंदीवहिनी अशी दोनच माणसं. मुलगी लग्न होऊन पनवेलला गेलेली. वहिनी बोलक्या, रघुशेट घुमे. ते दिवसभरात जे काही बोलत, त्यातलं निम्मं हा एक प्रश्नच असे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या काही वर्षं आधी त्यांनी मोटार घेतली. बांद्र्याच्या एका पारशी डॉक्टरने वापरून सोडलेली, काळी, कापडी टपाची. मुर्धा, राई, मोरवा या तिन्ही गावांत मिळून ती एकच. मिठागरावर फिरायला घेतली असं ते सांगत. पण मिठागराच्या बांधावर मोटार जात नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. खरी गोष्ट अशी की वहिनींचे गुडघे धरले होते आणि बैलगाडीत चढताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. हे रघुशेटनी कधी बोलून दाखवलं नाही आणि वहिनींनीही कधी विचारलं नाही.

मोटारीने त्या प्रश्नाला जन्माचं काम दिलं. आमच्याकडच्या वाऱ्यातच मीठ. लोखंड नुसतं उभं ठेवलं तरी गंजतं. त्यामुळे गाडीचं काहीतरी सतत निघायचंच, आणि दर वेळी रघुशेट त्यावर न्यायाधीशासारखे बसायचे. दुरुस्तीच्या त्यांनी तीन जाती केल्या होत्या. एक जिवाची, एक कामाची आणि एक मिस्त्रीच्या पोटाची. ब्रेक जिवाचा. प्लग कामाचा. आणि मिस्त्री ज्याचं नाव सांगताना आपल्या डोळ्यांत बघत नाही, ते सगळं तिसऱ्या जातीचं.

एकदा गाडीच्या मागच्या बाजूने टकटक असा आवाज यायला लागला. खड्डा आला की हमखास. रघुशेट मला घेऊन एका रविवारी ठाण्याला गेले, पुढच्या रविवारी अंधेरीला, त्याच्या पुढच्या रविवारी बांद्र्याला. ठाण्याचा मिस्त्री म्हणाला, मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, गेल्या, बदला. अंधेरीच्याने पाट्यांकडे पाहिलंही नाही. तो म्हणाला, इंजिन उतरवावं लागेल. बांद्र्याचा मोठा गोड माणूस. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा पाजला, आधीच्या दोघांना मनसोक्त शिव्या दिल्या आणि मग पाटे आणि इंजिन दोन्ही करायला सांगितलं.

परत येताना रघुशेट घोडबंदर रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "मास्तर, आधीच्या मिस्त्रीला शिव्या देणारा आनी आधीच्या बायकोला शिव्या देणारा, दोघांना पोरगी द्यायची न्हाय."

भाईंदर स्टेशनाच्या अंगाला एका चिंचेखाली उत्तनच्या इनासने पत्र्याची शेड टाकली होती. हा इनास आधी बरीच वर्षं बोटीवर इंजिनाच्या खोलीत होता. काळा, उंच, मान थोडी वाकडी. त्याचा धंदा फारसा चालेल असं कुणाला वाटत नव्हतं, कारण गिऱ्हाइकाशी बोलायची त्याला कला नव्हती. आम्ही गेलो तेव्हा त्याने आमची सगळी हकिगत उभ्यानेच ऐकली, गाडीत मागे बसला, चालवून दाखवा म्हणाला. मोरव्यापर्यंत जाऊन आलो. आवाज येत होता. उतरल्यावर रघुशेटनी विचारलं, काय झालंय?

"ठावूक न्हाय," इनास म्हणाला.

रघुशेटना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. इनासने पुन्हा तेच सांगितलं, आणि गाडी आजच्या दिवस ठेवून जा म्हणाला. रघुशेट गेले नाहीत. एका उपड्या डब्यावर ते दिवसभर बसून राहिले. तिथे मला पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची शांतता दिसली. इनासने चाकं काढली, पाटे बघितले, परत लावले. त्याला काही सापडलं नाही, आणि तसं तो दर थोड्या वेळाने सांगतही होता. संध्याकाळी शेवटी त्याने मागची बैठक उचकटली. तिच्या आतल्या पोकळीत वहिनींची पितळेची पानाची डबी पडली होती.

ही डबी हरवल्यावरून घरात आधी बरंच महाभारत झालेलं होतं. रघुशेटनी ती वहिनींच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. वहिनी हसता हसता खाली बसल्या. म्हणाल्या, "आता ही दुरुस्ती कनच्या जातीची, ते सांगा."

त्या दिवसापासून गाडीला इनासशिवाय कुणाचा हात लागला नाही. पण विश्वास ठेवायची रघुशेटना सवय नव्हती, आणि सवय नसलेल्या माणसाला ते काम जड जातं. पुढल्या वर्षी इनासने सांगितलं की ब्रेकचे दांडे आतून गंजलेत, सगळेच बदलायला हवेत. रघुशेटनी त्यांचा प्रश्न विचारला. इनास म्हणाला, "न्हाय केलं तर आजउद्या काय होनार न्हाय. पन ज्या दिवशी होईल, त्या दिवशी गाडी थांबनार न्हाय."

खर्च मोठा होता. रघुशेट मला घेऊन गुपचूप अंधेरीला गेले. तिथला मिस्त्री म्हणाला, दांडे ठणठणीत आहेत, वर्षभर बघायला नको. आता आली पंचाईत. आजवर खर्च सांगेल तो लबाड, असा सरळ हिशेब होता. इथे खरा माणूस खर्च सांगत होता आणि लबाड माणूस वाचवत होता. रघुशेटना रात्र रात्र झोप येईना. त्यात अंधेरीला गेल्याची बातमी कुठूनशी इनासच्या कानावर गेली. तो रस्त्यात भेटला तरी थांबेना.

सोडवणूक वहिनींनी केली. ताट वाढता वाढता त्या म्हणाल्या, "ज्याने माजी डबी परत दिली, त्याचं आयका. त्याला ती खिशात घालता आली असती."

यात ब्रेकचा काय संबंध, असं मी विचारणार होतो. पण रघुशेट पानावरून उठले, हात धुतला आणि गाडी घेऊन स्टेशनाकडे गेले. इनासपुढे ते एवढंच म्हणाले, की अंधेरीला गेलो होतो ते चुकलं. इनासने मान हलवली आणि हत्यारं काढली. काढलेला एक दांडा त्याने रघुशेटच्या हातात दिला. तो त्यांनी गुडघ्यावर वाकवला तर काडीसारखा मोडला.

पुढच्याच पावसाळ्यानंतर वहिनींच्या पोटात दुखायला लागलं. चारसहा दिवस त्यांनी अंगावर काढलं. मग भाईंदरच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि ताबडतोब मुंबईला न्या म्हणून सांगितलं. रघुशेटना गाडी सुरू करायचं हँडलच फिरवता येईना, दोनदा ते हातातून निसटलं. मी धावत जाऊन इनासला आणलं. गाडी त्याने चालवली, मी पुढे बसलो, मागे रघुशेटच्या मांडीवर वहिनींचं डोकं. दहिसरच्या पुढे वळणावर अचानक म्हशींचा कळप आडवा आला. इनासने ब्रेक दाबला आणि गाडी हातभर अंतरावर उभी राहिली. म्हशी गेल्या, आम्ही निघालो.

इस्पितळातल्या म्हाताऱ्या सर्जनने तपासून सांगितलं की आत्ता ऑपरेशन करायला हवं. रघुशेटनी त्याच्यासमोर हात जोडले आणि तोच प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत तो मी हजार वेळा ऐकला असेन आणि हजार वेळा हसलो असेन. त्या दिवशी हसू आलं नाही.

सर्जनने चष्मा काढला. "नाही केलं तर त्या वाचणार नाहीत. केलं तर वाचतील का, ते मला माहीत नाही."

रघुशेटनी वळून इनासकडे बघितलं. दाराशी टोपी हातात धरून तो उभा होता. त्याने मान किंचित हलवली. रघुशेट सर्जनला म्हणाले, करा.

आम्ही वेळेत पोचलो होतो. ऑपरेशनही नीट झालं. तरी वहिनी त्याच आठवड्यात गेल्या.

त्यानंतर रघुशेटनी तो प्रश्न कधी विचारला नाही. हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं, न्हाव्याने सांगितलं. तो म्हणाला, मास्तर, साबण लावून मी थांबतो, आणि शेट काहीच बोलत नाहीत. मग मी करून टाकतो.

मुलगी चार दिवस राहून पनवेलला गेली. मग लढाई सुरू झाली, पेट्रोलला कूपन आलं, आणि रघुशेटनी गाडी घराच्या बाजूच्या छपरात विटांवर चढवून ठेवली. इनासच्या शेडला काम उरलं नाही. त्याला मुंबईला गोदीत नोकरी मिळाली, बरी मिळाली, आणि तो फक्त रविवारी उत्तनला घरी येऊ लागला.

अशा वेळी रघुशेटची गाडी बिघडायला लागली.

कधी भोंगा घोगरा झाला म्हणून निरोप जाई, कधी दार कुरकुरतं म्हणून, कधी दिव्याची काच हलते म्हणून. जी गाडी रस्त्यावर येणारच नाही, तिच्या दाराचं कुरकुरणं म्हणजे तिसऱ्या जातीतसुद्धा बसणारं नव्हतं. पण दर रविवारी चर्चातली मिस्सा झाली की इनास हत्यारांची पिशवी घेऊन उत्तनहून येई, सांगितलं ते करी, ओट्याच्या पायरीवर बसून त्याच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कपातून चहा पिई आणि जाई. रघुशेट शनिवारपासून ओटीवर येरझाऱ्या घालत. गावात लोक म्हणायला लागले, बायको गेली आणि शेटचं डोकं फिरलं.

एका रविवारी मी ओटीवर पेपर वाचत होतो. त्या दिवशी इंजिनातून आवाज येतोय अशी तक्रार होती. इनासने झाकण उघडलं, बराच वेळ आत बघत राहिला, मग झाकण लावलं आणि फडक्याने हात पुसले.

"शेट, गाडीला काय झालेलं न्हाय," तो म्हणाला. "भोंग्यालाबी न्हवतं झालं. दारालाबी न्हवतं."

रघुशेट गाडीच्या पायरीवर बसले. बराच वेळ त्यांनी मडगार्डवरून हात फिरवला. मग खाली बघूनच बोलले, "काय झालं न्हाय, तर तू कशाला येशील?"

इनासने पिशवीची दोरी आवळली. या माणसाला बोलायची कला नव्हती हे मी आधी सांगितलंच आहे.

"जेवायला," तो म्हणाला. "म्होरल्या रविवारी बायको बोंबलाचं कालवण करनार हाय. ते नि तिला घिऊन येतो."

इनास चहा न घेताच गेला, आणि रघुशेट तसेच दिवस कलेपर्यंत पायरीवर बसून होते. त्या काळी आमच्या गावात उत्तनच्या ख्रिस्ती माणसाला कुणी पंगतीत घेत नसे. मला वाटलं, आता येऊ नका म्हणून निरोप जाईल.

पुढच्या रविवारी सकाळी माझं दार वाजलं. रघुशेट अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून उभे होते. त्यांच्या मागे अंगण सारवलेलं दिसत होतं.

"मास्तर, तुमच्याकडचे पाट द्या," ते म्हणाले. "आमच्यात एकच वापरात हाय, बाकीचे माळ्यावर कुठं गेले ते तिला म्हाईत."

मी तीन पाट काढून दिले. ते काखेत मारून ते पायऱ्या उतरले, थांबले आणि वळून म्हणाले, "तुमीबी बसायला या. तुमच्यापुरतं वरण मी लावलंय."