अकरा वेळा हाय आणि एक गुलाब

कोंडीबांनी ओसरीच्या भिंतीत खिळा ठोकला, तेव्हा त्यावर टांगण्यासारखे त्यांच्यापाशी काहीही नव्हते.

"हितं काय टांगनार?" भिमाबाईंनी विचारले.

"सर्टिफिकेट."

"कुनाचं?"

"माजं."

भिमाबाईंनी खिळ्याकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, आणि खिळा जरा डावीकडे कलला आहे एवढेच सांगून त्या पुन्हा चुलीकडे वळल्या. छत्तीस पावसाळे एका छपराखाली काढलेल्या बाईला याहून अधिक बोलण्याची गरज पडत नाही.

प्रमाणपत्र मात्र खरेच मिळायचे होते. घोटावड्याच्या वाचनालयात साठीपुढील मंडळींसाठी "समाजमाध्यमांची ओळख व दैनंदिन उपयोग" असा आठ दिवसांचा वर्ग निघाला होता. शिकवायला पुण्याहून स्वरदा नावाची तरुण मुलगी रोज बसने येई. बारा विद्यार्थ्यांत सर्वांत आधी नाव नोंदवले ते कोंडीबांनी. त्यालाही कारण होते. तरुणपणी ते मॅट्रिकच्या परीक्षेला तीनदा बसले आणि तिन्ही वेळा इंग्रजीत नापास झाले. पुढे शेती झाली, संसार झाला, मुलीचे लग्न झाले, घरामागे भाड्याने द्यायची खोलीही बांधून झाली. परंतु "उत्तीर्ण" हा शब्द आपल्या नावापुढे छापलेला पाहायचे राहूनच गेले. (मराठीत त्यांना तिन्ही वेळा चाळीसच्या वर गुण होते, हे ते न विचारताही सांगत. पुढील हकिगतीत ही गोष्ट ध्यानात ठेवावी.)

कोंडीबा तपकिरी पुठ्ठ्याची वही घेऊन पहिल्या बाकावर बसत. शेजारच्या गोजराबाईही याच वर्गात होत्या. त्या शेवटच्या बाकावर बसत आणि वही आणत नसत. स्वरदाने सांगितलेले प्रत्येक वाक्य कोंडीबा उतरवून घेत. "संदेशाची भाषा आपली, साधी असावी." घेतले उतरवून. "संदेश कोरडा संपवू नये, शेवटी नमस्कार किंवा एखादे फूल ठेवावे." हेही घेतले, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पाचव्या दिवशी परीक्षेचा विषय जाहीर झाला. प्रत्येकाने समाजमाध्यमाच्या साहाय्याने घरचे एक खरेखुरे काम करायचे आणि ते झाल्याचा पुरावा मोबाइलमध्ये दाखवायचा. रविवारी प्रमाणपत्रे.

कोंडीबांचे काम आयतेच तयार होते. घरामागची खोली तीन महिने रिकामी पडली होती. आधीचा भाडेकरू पिरंगुटच्या कारखान्यात होता. तो बदलीने गेला, आणि खोलीत भिमाबाईंच्या कोंबड्या मुक्कामाला आल्या. कोंडीबांनी तालुक्यातल्या भाड्याच्या जागांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप गाठला. चारशे बारा माणसे त्यात होती. त्यांनी लिहिले : "घोटावडे येथे हवेशीर खोली भाड्याने देणे. कोंबड्या काढून देऊ."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी आठ वाजता अंगणात उभे असताना फोन वाजला. शुभांगी नावाच्या मुलीचे पाच संदेश एकापाठोपाठ आले होते. मुलगी रत्नागिरीची, पिरंगुटच्या एका कारखान्यात नुकतीच लागलेली. हे त्यांना मागाहून कळले. संदेशांत होते ते एवढेच :

"हाय."

"रूम रिकामी आहे का?"

"पाणी असतं का?"

"लाइटचा मीटर वेगळा आहे का?"

"घरात बायकामाणसं आहेत ना?"

पाचही प्रश्न वाचून कोंडीबांना मुलगी शहाणी वाटली. पहिला संदेश तर त्यांना फारच आवडला. न विचारताच ती "हाय" म्हणत होती. खोली असणार याची तिला खात्रीच होती. एवढ्या विश्वासाने आलेल्या माणसाला उत्तरही निगुतीने द्यायला हवे. अंगणात कोंबड्यांची कलकल होती, म्हणून ते फोन घेऊन गोठ्यात गेले आणि म्हशीच्या शेजारी पाटावर बसले.

गोठ्यात शांतता असे. रेंज मात्र नसे.

हे त्यांच्या लक्षात आले नाही. त्यांनी एका बोटाने पहिल्या संदेशाला उत्तर लिहिले : "हाय." कारण खोली होतीच. दुसऱ्याला लिहिले : "हाय." रिकामी होती. तिसऱ्याला : "हाय." पाणी भरपूर होते. चौथ्याला, पाचव्याला : "हाय." पाचव्या उत्तरानंतर मुलीची दिशाभूल होऊ नये म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे पुस्ती जोडली : "एकच." प्रत्येक संदेशापुढे घड्याळाचे बारीक चित्र येऊन थांबले होते. अक्षर उमटले नसावे अशा समजुतीने त्यांनी पाचही "हाय" पुन्हा लिहिले. मग सगळ्याचा समारोप म्हणून एक शेवटचे "हाय" आणि वहीतला नियम आठवून एक टपोरा लाल गुलाब. (नमस्काराचे चित्रही तिथेच होते. पण चष्मा ओसरीवर राहिला होता, आणि गुलाब आकाराने मोठा होता.)

बारा वाजता ते म्हशीला पाण्यावर घेऊन बाहेर आले, आणि खिशातला सारा ऐवज एका झटक्यात रवाना झाला.

कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवायला बसलेल्या शुभांगीच्या फोनवर एका अनोळखी गृहस्थाचे अकरा "हाय", मध्ये एक "एकच" आणि अखेरीस गुलाब असा मजकूर येऊन पडला. तिने कोंडीबांना ब्लॉक केले, म्हणजे दार लोटून आतून कडी घातली. मग त्या मजकुराचे चित्र काढून तिने ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिले : "या गृहस्थांपासून सावध राहावे. खोलीच्या नावाखाली मुलींना नुसते हाय हाय करतात."

वर कोंडीबांचा फोटो होताच. फेटा बांधलेला, मुलीच्या लग्नातला.

ही वार्ता घरी आणली गोजराबाईंनी. भिमाबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या.

"भिमे, तुज्या मालकानं एका पोरीला अकरा येळा हाय केलं."

"हाय केलं म्हंजी? काय हाय?"

"काय न्हाई गं. नुसतं हाय."

"अगं, पन कुटं हाय?"

गोजराबाईंनी सूप बाजूला ठेवायला लावले आणि वर्गात मिळवलेले ज्ञान खर्ची घातले. शहरातली पोरे पोरींना बघून हात हलवतात आणि तोंडाने म्हणतात, तो हा हाय. इंग्रजीतला. शिवाय वर गुलाब. भिमाबाईंनी उरलेली नाचणी पाखडून पुरी केली, कारण अर्धे काम टाकून उठणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मग त्या आत आल्या.

"गुलाब कुनाला धाडला?"

"गिऱ्हाइकाला," कोंडीबा म्हणाले. "तशी रीत हाय. वहीत लिवलंय."

"मला आजवर एक फूल आनलं तुमी. त्ये बी फ्लावर. आन् त्यात अळी व्हती."

(अळ्या दोन होत्या, परंतु ही दुरुस्ती सुचवण्याची ती वेळ नव्हती.)

संध्याकाळी चहा आला, पण बशीवाचून आला. ज्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल त्यांनी कोंडीबांना कपाने चहा पिताना पाहिलेले नाही. त्यांना ती कला अवगतच नव्हती. त्यांनी ओठ भाजून घेतला, मिशी बुडवली, आणि उरलेला चहा निवेपर्यंत ते त्या रिकाम्या खिळ्याकडे पाहत बसले.

शुक्रवारी वर्गात स्वरदाने त्यांना बाजूला घेतले. ती रागावली नाही, आणि तेच कोंडीबांना अधिक लागले. ती म्हणाली, "आजोबा, चित्र मीही पाहिलं. तुमच्या मनात वाईट नसणार. पण त्या मुलीचा गैरसमज रविवारच्या आत दूर व्हायला हवा. तसं झालं नाही, तर मी प्रमाणपत्रावर सही कशी करू?"

मुलीने कडी लावलेली असल्यामुळे तिला थेट कळवणे शक्य नव्हते. उरला ग्रुप. कोंडीबांनी दुपारभर खपून चारशे बारा माणसांपुढे खुलासा मांडला : "खोली हाय म्हणून हाय म्हणालो. तो हाय हा हाय नव्हे. हा हाय तो हाय." वाचल्यावर त्यांना तो अगदी स्पष्ट वाटला. ग्रुपला तसा वाटला नाही. गृहस्थांना आवर घालावा, अशी दोघांनी सूचना केली आणि एकाने त्यांच्या प्रकृतीची चौकशी केली.

शनिवारी सकाळी बशीवाचून आलेला चौथा चहा पुढे ठेवून कोंडीबांनी शरणागती पत्करली. त्यांनी फोन उघडला, बायकोला पाचही प्रश्न वाचून दाखवले आणि प्रत्येक प्रश्नापुढे आपण काय लिहिले तेही सांगितले. भिमाबाई ऐकत होत्या. पाचव्या प्रश्नाशी "एकच" आले, तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला.

"म्हंजी तुमी आपलं हाय म्हनला व्हता."

"व्हय. दुसरं काय म्हननार? हाय त्ये हाय."

"मंग बोलून का न्हाई सांगितलं? लिवत कशापायी बसला?"

बोलून सांगण्याची सोय फोनमध्ये होती. ती सातव्या दिवशी शिकवली होती, आणि ती ऐकताना कोंडीबांचे चित्त बशीपाशी होते. आता त्यांनी माइकचे चित्र शोधले, त्यावर अंगठा दाबून धरला आणि फोन बायकोच्या तोंडापुढे नेला. शेतातल्या माणसाला बांधावरून हाक मारावी तशा आवाजात भिमाबाई बोलू लागल्या :

"ए पोरी, मी भिमाबाई बोलतीय, घोटावड्यातनं. तुला ज्यानं हाय केलं, त्यो माजा नवरा हाय. पन त्यानं हाय केलं न्हाई, त्यो हाय म्हनला. आमच्यात आहेला हाय म्हनत्यात. खोली हाय का इचारलंस, तर हाय. पानी हाय, मीटर हाय, दाराला आतनं कडी हाय. घरात बाईमानूस हाय, एकच हाय, त्ये मी हाय. गुलाबाचं काय त्ये मी त्याला इचारते, तू इचारू नगंस. आन् जेवली नसशील तर ये, भाकरी हाय."

कोंडीबांनी अंगठा उचलला. हे बोलणे एका पोरीने नव्हे, चारशे बारा जणांनी ऐकले, हे भिमाबाईंना त्यांनी सांगितले नाही. आजही सांगितलेले नाही.

तासाभरात ग्रुपवर हसणाऱ्या चेहऱ्यांची रास लागली. सात जणांनी खोली मागितली. दोघांनी खोली नको, पण भाकरीला येतो असे कळवले. मधेच शुभांगीचा संदेश आला : "काकू, माझं चुकलं. मीच घाई केली. दुपारी खोली बघायला येते. जेवायलाच येते." ती आली, पाटावर बसून जेवली आणि कोंबड्या अजून आत असतानाच तिने खोली पसंत केली. गुलाबाबद्दल तिने एक अक्षर विचारले नाही. संध्याकाळच्या चहाबरोबर बशी आली. कोंडीबांनी फुंकर घालून, आवाज करून, निवांतपणे चहा घेतला, आणि ओसरीवरचा खिळा सरळ केला.

रविवारी वाचनालयात खुर्च्या मांडल्या होत्या. भिमाबाई ठेवणीतले लुगडे नेसून आल्या, कारण मालकाचा सत्कार होता. कोंडीबांनी फोन पुढे केला. स्वरदाने सगळा पुरावा नीट पाहिला, बोलका संदेश कानाशी धरून दोनदा ऐकला, आणि विचारले, "आजोबा, काम झालंय, आणि समाजमाध्यमातूनच झालंय. फक्त ते कोणी केलं, एवढं सांगा."

कोंडीबांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिले. अंगठा त्यांचा होता. फोनही त्यांचाच होता. पण पहिल्या बाकावर बसणाऱ्या माणसाला कॉपी करता येत नाही. तिन्ही वेळा ते नापास झाले, ते स्वतःच्या अकलेने झाले होते.

"हिनं," ते म्हणाले.

स्वरदाने मान डोलावली आणि प्रमाणपत्रावरच्या मोकळ्या जागेत सुवाच्य अक्षरांत "सौ. भिमाबाई" असे लिहिले. खाली छापलेले होतेच : उत्तीर्ण. कोंडीबांना पुढच्या तुकडीत पुन्हा बसण्याची मुभा मिळाली. इंग्रजीत तीनदा गेलेला गृहस्थ चौथ्या खेपेला मराठीत गेला.

घरी आल्यावर प्रमाणपत्र कोठे लावायचे हा प्रश्न नव्हता. खिळा तयार होता. भिमाबाई नको म्हणत होत्या. कोंडीबांनीच काच पुसली, कोंडीबांनीच चौकट टांगली, आणि दोन पावले मागे येऊन ती सरळ आहे याची खातरी करून घेतली. ती सरळ होती. त्यांना बरे वाटले, आणि आपल्याला बरे का वाटते आहे याचे थोडे नवलही वाटले.

सोमवारी सकाळी ते त्याच चौकटीखाली बशीतला चहा घेत बसले होते. कामावर निघालेली शुभांगी ओसरीच्या पायरीशी थांबली. भिंतीकडे पाहून हसली आणि म्हणाली, "हाय, काका."

कोंडीबांनी मान वर करून प्रमाणपत्राकडे पाहिले.

"माजं न्हाई," ते म्हणाले. "हिचं हाय."