तिसऱ्या सर्व्हरची बेशिस्त

"येताना माझा तो जुना स्कॅन तेवढा घेऊन ये रे. जुना नि नवा शेजारी ठेवून बघितल्याशिवाय डॉक्टरीणबाई माझ्या डोक्याला हात लावणार नाहीत म्हणे. विसरशील बघ!"

आईचं हे बोलणं उपअधीक्षकांच्या कानात रोज इस्पितळाची पायरी चढताना वाजे. "उद्या नक्की," असा शब्द त्यांनी दिला होता आणि तो रोज नव्यानं देत होते. त्या इस्पितळाच्या संगणक विभागाचे ते उपअधीक्षक. स्कॅन त्यांच्याच सर्व्हरवर. पळून जातोय कुठे?

विभागात तीन सर्व्हर होते. तिघांच्या पोटात एकाच कारखान्यातून, एकाच खोक्यातून आलेल्या एसएसडी, म्हणजे माहिती साठवणाऱ्या डिस्क, होत्या. प्रत्येक स्कॅनची एकेक प्रत तिघांकडेही असे, म्हणजे एक गेला तरी दोघे आहेत. तिघे एकदम जातील ही शक्यता कुणी धरली नव्हती, कारण खरेदीच्या अर्जात तसा रकाना नव्हता. बॅकअपही होता. तो याच तिघांवर चालणाऱ्या एका आभासी मशीनमध्ये, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरनं बनलेल्या संगणकात, अत्यंत सुरक्षित ठेवला होता.

एके दिवशी डिस्क बनवणाऱ्या कंपनीची सूचना आली. डिस्कच्या आत बसलेल्या प्रोग्रामात, म्हणजे फर्मवेअरमध्ये, खोट आहे; ठरावीक तास चालल्यावर डिस्क कायमची मुकी होते; तरी नवं फर्मवेअर ताबडतोब घालावं. साठवण सांभाळणाऱ्या अभियंता बाई परवानगी मागायला आल्या.

"सर्व्हर बंद करावे लागतील?" उपअधीक्षकांनी विचारलं.

"एका वेळी एकच, साहेब. त्याची कामं आधी दुसऱ्या दोघांवर सरकवायची. कुणाला कळणारही नाही."

"कळणार नाही हे झालं. पण बंद तर होईल ना?"

त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर 'अखंड सेवा' असा पितळी अक्षरांतला फलक होता. बाईंनी फलकाकडे पाहिलं आणि सूचनेचा कागद घडी घालून परत नेला.

मग डिस्कवाल्या कंपनीनं कळवलं की नवं फर्मवेअर नव्या ड्रायव्हरशिवाय घालू नये. ड्रायव्हर म्हणजे डिस्कचं म्हणणं सर्व्हरच्या कानावर घालणारा मध्यस्थ. सर्व्हरवर आभासी मशिनं चालवणाऱ्या कंपनीनं कळवलं की तो नवा ड्रायव्हर आम्ही जुन्याच फर्मवेअरबरोबर तपासला आहे, दोन्ही नवी घातलीत तर जबाबदारी तुमची. 'जबाबदारी' हा शब्द कानावर पडताच समिती नेमण्यात आली. समितीनं प्रायोगिक तत्त्वावर फक्त तिसऱ्या सर्व्हरला नवी जोडी बसवण्यास मान्यता दिली. बाईंनी ती बसवली. सर्व्हर मजेत चालू लागला. तसा अहवाल त्यांनी दिला, आणि अहवाल वाचण्यासाठी उपसमिती नेमण्यात आली.

उपसमितीला बसायला खोली मिळेपर्यंत पहिले दोन सर्व्हर अडखळू लागले. डिस्क उत्तर द्यायला वेळ लावत, ड्रायव्हर तक्रार करी आणि दाराशी लावलेल्या मोठ्या पडद्यावर लाल दिवे लागत.

"हे लाल लाल काय आहे? येणारे-जाणारे बघतात!" उपअधीक्षक कडाडले. "त्या ड्रायव्हरला म्हणावं, जरा दम धर. लगेच काय बोंबलायचं?"

ड्रायव्हरची वाट पाहण्याची मुदत दसपट वाढवण्यात आली. पडदा हिरवागार झाला.

"साहेब, डिस्क बऱ्या नाही झाल्या. त्यांचं कण्हणं आपल्यापर्यंत येत नाही, एवढंच."

"बाई, प्रशासन म्हणजे दुसरं काय असतं?"

त्या हिरव्या पडद्यासमोर विभागाला दुसरा पितळी फलक मिळाला. फोटोत बाई कडेला होत्या.

पुढच्याच आठवड्यात भर कामाच्या वेळी पहिला सर्व्हर मुका झाला, आणि चहा येईपर्यंत दुसरा. तिसरा ठणठणीत होता. पण तिघांचा आपसातला नियम असा, की बहुमत नसेल तर एकट्यानं बोलायचं नाही. त्यामुळे सगळ्या प्रती छातीशी धरून तो दार लावून बसला. डॉक्टरांचे पडदे कोरे झाले.

तातडीची समिती बसली. अध्यक्षपदी उपअधीक्षक.

"तिघांपैकी दोघांचं वागणं एकसारखं आहे," त्यांनी वस्तुस्थिती मांडली. "वेगळं वागतोय तो तिसरा. त्याच्यातच बदल झालेत. म्हणजे मूळ कुठे आहे ते उघड आहे."

"साहेब, चालू आहे तो तिसराच," बाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी. बेशिस्त!"

"जुनं फर्मवेअर परत घातलं तर तोही त्या दोघांसारखा कायमचा गप्प होईल. त्याचेही तास कधीच भरलेत."

"म्हणजे एकसारखेपणा येईल?"

"...येईल."

"लिहून घ्या," उपअधीक्षक लेखनिकाला म्हणाले, "एकसारखेपणा येईल असं खुद्द अभियंत्यांचं मत पडलं."

"निदान आधी हातानं दार उघडून सगळ्या प्रती तरी काढून घेऊ द्या. दोन दिवस लागतील."

"दोन दिवस सेवेत खंड? भिंतीवर काय लिहिलंय ते वाचा, बाई."

तिसऱ्यालाही जुनं फर्मवेअर परत घालण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. अंमलबजावणी जेवणाच्या सुट्टीनंतर.

सगळे जेवायला उठले. उपअधीक्षक मात्र जेवले नाहीत. त्यांनी बाईंना बाजूला बोलावलं आणि त्यांच्या तोंडी कधी न ऐकलेल्या मवाळ आवाजात विचारलं, "ते दार हातानं उघडता येतं म्हणालात ना? एकाच स्कॅनपुरतं?"

बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि दार उघडून दिलं. "बाकीचे, साहेब?"

"बाकीच्यांबद्दल ठराव झालाय."

पडद्यावर नावांची रांग वर सरकू लागली. ती संपेचना. त्या नावांनाही मुलंबाळं होती. पण ती समितीवर नव्हती. त्या रांगेत तुमचं नाव कुठे होतं, हे बघत बसायला उपअधीक्षकांना वेळ नव्हता. आईचं नाव येताच त्यांनी रांग थांबवली, स्कॅन पेनड्राइव्हवर घेतला आणि पेनड्राइव्ह खिशात घालून वरून दोनदा चाचपला.

मग कुणाच्या जेवणात व्यत्यय नको म्हणून बूट न वाजवता ते जिना उतरले. आईला दिलेला शब्द होता.