डावीकडे ओढणारी गाडी आणि काशिनाथ मिस्त्री

काशिनाथ मिस्त्री गाडीचं निदान कागदावर लिहीत नाहीत. ते गाडीवरच लिहितात. पांढऱ्या खडूने, बॉनेटवर, आणि तिथे जागा कमी पडली तर दरवाजावर. "डावा बुश खल्लास." "क्लच बरा हाय, मालकाचा पाय बरा न्हाय." दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत हे पुसायचं नाही, असा त्यांचा नियम.

कशेळीच्या एका गोदामवाल्यांना मुलीच्या साखरपुड्याला जायची घाई होती, म्हणून ते गाडी अर्धवटच घेऊन गेले. मांडवासमोर गाडी थांबली आणि व्याही मंडळींनी डाव्या दरवाजावर वाचलं, "मालक खोटं बोलतो. दोन पावसाळे सर्व्हिस न्हाय." गोदामवाले उजवीकडून चढले होते, त्यांना पत्ताच नव्हता. साखरपुडा झाला, लग्नही झालं. गोदामवाले अजून मिस्त्रींकडेच येतात. फक्त निघताना गाडीला एक पूर्ण चक्कर मारून मग आत बसतात.

वडप्याच्या थोडं अलीकडे दोन गोदामांच्या मधल्या बोळात मिस्त्रींची पत्र्याची शेड आहे. मागे एक खोली, तिथे ते एकटे राहतात. पाटी नाही. ते फक्त जुन्या, डिझेलच्या, चारही चाकं ओढणाऱ्या गाड्या हातात घेतात. कुणी नवी गाडी आणली, की आत डोकावून बघतात आणि स्क्रीन दिसली की मागे सरकतात. "ही गाडी न्हाय, मोबाईल हाय. नाक्यावर मोबाईलवाला हाय, त्याला दाखवा." समोरचा चहावाला सलीमभाई अशा गिऱ्हाइकांना हाक मारून बसवतो. "आओ साहब, चाय पियो. मिस्त्री का दिमाग पुराना मॉडल है, स्पेअर नहीं मिलता."

माझा त्यांच्याशी संबंध आला तो सासऱ्यांमुळे. सासऱ्यांना घरात सगळे दादा म्हणतात. वय शहात्तर. आमच्या बहुतेक जमिनीवर आता गोदामं उभी आहेत, पण खारबावच्या बाजूला खाडीजवळची भाताची एक पट्टी दादांनी ठेवून घेतली. दर गुरुवारी ते आपली जुनी फोर-व्हील काढतात आणि एकटे तिकडे जातात. शेवटचा रस्ता नुसता चिखल, तिथे दुसरी गाडी जातच नाही. दादांचा आठवडा गुरुवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो. मधले दिवस ते काढतात.

या पावसाळ्याच्या मध्यावर ते म्हणाले, "सुनंदा, गाडी डावीकडं ओढते."

मी वडप्याच्या एका गोदामात डिस्पॅचचं काम बघते. याद्या करणं हे माझं काम आहे आणि, घरचे म्हणतात, आजारही. मी लगेच कागद घेतला. डावीकडे ओढते. साठच्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. वळणावर मागून कुरकुर. इंजिन ऑइल, डिझेल फिल्टर, ग्रीसिंग. एकूण अकरा मुद्दे, प्रत्येकापुढे टिक करायला चौकोन. छापील प्रत मिस्त्रींच्या हातात दिली.

त्यांनी ती उलटसुलट केली, बोटांनी चोळून पाहिली आणि तिनेच ऑइलची पट्टी पुसली.

"कागद चांगला हाय, मॅडम. तेल पितो."

"त्यावर तक्रारी लिहिल्यात, मिस्त्री!"

"सांगू नका, चालवा."

हे त्यांचं पेटंट वाक्य. ते मालकाचं ऐकून घेत नाहीत. मालकाला गाडी चालवायला लावतात आणि स्वतः मागच्या सीटवर बरोबर त्याच्या पाठीमागे बसतात. रस्त्याकडे बघत नाहीत, मालकाच्या मानेकडे बघतात. त्यांचं म्हणणं, गाडीला काय होतंय ते मालकाच्या मानेत आधी दिसतं. स्टेअरिंग ढिलं असेल तर मान आखडते, ब्रेक कच्चे असतील तर खांदे वर जातात. मला हे सगळं थोतांड वाटायचं. पण त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही.

दादा चालवायला बसले, मी डावीकडे, मिस्त्री मागे. वडपे नाक्यापर्यंत जाऊन परत. बाजूने कंटेनर धडधडत जात होते. मी वाटेत यादीची दुसरी प्रत काढून बारावा मुद्दा लिहीत होते, त्यामुळे मला काही दिसलं नाही. शेडपाशी उतरल्यावर मिस्त्रींनी एकदा दादांकडे बघितलं. मग खडू काढून त्यांनी बॉनेट भरून टाकलं. डाव्या कमानपाट्याचं एक पान तुटलेलं, स्टेअरिंगच्या दांड्याचे दोन्ही सांधे झिजलेले, रबरी बुश गेलेले, डाव्या चाकात हवा कमी. हवा ते मीटरने मोजत नाहीत, टायरला लाथ मारून मोजतात.

"बघ, गाडीच ओढत होती," दादा मला म्हणाले. आवाज जरा मोठाच होता.

दहा दिवसांत बॉनेट पुसलं गेलं. एक-एक ओळ कमी होताना मी जाता-येता पाहत होते आणि माझ्या कागदावर टिक करत होते. पण गाडी काही मिळेना. पुढची चाकं काढून तिला लोखंडी घोड्यांवर चढवून ठेवलेलं.

"आता काय राहिलं, मिस्त्री?"

"पार्ट मिळत न्हाय."

"कुठला?"

"लेफ्टचा."

"लेफ्टचा काय?"

"लेफ्टचाच."

मी गोदामातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांना कामाला लावायला तयार होते. म्हटलं, नाव सांगा, जिथे असेल तिथून मागवते. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, तो मागवून येत न्हाय. तो आपला आपन येतो." सलीमभाईने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

दादांची मात्र तक्रार नव्हती, हे मला विचित्र वाटत होतं. रोज सकाळी दहाला ते रिक्षाने शेडवर जायचे, पालथ्या डब्यावर बसायचे आणि दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल सल्ले द्यायचे. मिस्त्री त्यांना ओरडायचे, ते मिस्त्रींना ओरडायचे. दुपारी दोघं मिळून माझ्या हातचा डबा खायचे. मिस्त्रींचा निरोप यायचा, "वैनींना सांगा, भाजीत ग्रीस कमी हाय." मी मॅडमची वहिनी कधी झाले, ते कळलं नाही.

पण तीन गुरुवार गेले. चौथ्याच्या आधी, मंगळवारी, मी दुपारी अर्धी सुट्टी टाकली आणि शेडवर गेले. दादा त्या दिवशी बँकेत पासबुक भरून घ्यायला गेले होते. मी मिस्त्रींना म्हटलं, "चाकं लावा. गाडी मी चालवून बघते."

"वैनी, राहू द्या."

"तुम्हीच म्हणता ना, सांगू नका, चालवा?"

त्यांनी चाकं लावली, नट आवळले, घोड्या काढल्या. मी बसले, ते नेहमीसारखे मागे. नाक्यापर्यंत गेले, साठला नेली, दोन सेकंद स्टेअरिंगवरचे हात उचलले. गाडी तारेसारखी सरळ. ना थरथर, ना ओढ. मी कडेला घेऊन थांबवली.

"हिला काहीही झालेलं नाही!"

"न्हाय झालेलं."

"मग एक महिना चाललंय काय?"

मिस्त्रींनी खिशातला खडू काढला, बघितला आणि परत ठेवला. "गाडी डावीकडं जात न्हाय, वैनी. दादा जातात."

मला कळेना.

"त्या दिवशी मी मागं बसलेलो. उजवीकडून कंटेनर आला. एवढा मोठा. त्यांची मान हलली न्हाय. कंटेनर पार बाजूला आला, त्याचं वारं लागलं, तेव्हा मान हलली. दुसरा आला, तसंच. त्यांना उजवीकडचं दिसत न्हाय. म्हनून ते आपले डावीकडं डावीकडं सरकतात. गाडीत दोष होते ते मी काढले. हा मी कसा काढू?"

मी त्या दिवशी दादांच्या शेजारी बसले होते. त्यांच्यापासून दोन हातांवर.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी यादीत घातलं असतं."

खरं होतं. मी मनात आत्ताच घालत होते. डोळ्यांचे डॉक्टर, गाडीची किल्ली काढून घेणं, नवऱ्याला शिफ्ट संपल्यावर सांगणं, दादांना सांगणं. मी म्हटलं, "आज रात्री जेवताना बोलते त्यांच्याशी. रस्त्यावर ते कुणाला तरी उडवतील, नाहीतर स्वतः जातील."

"बोला. बोलायलाच पायजे. पन गुरुवारपर्यंत थांबा. गुरुवारी त्यांना हितं घेऊन या. आन तुमी काय बोलू नका."

गुरुवारी मी रजा टाकली. दादांना घेऊन शेडवर गेले तर मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून उभे. आजवर मी त्यांचे कोपर स्वच्छ पाहिले नव्हते. गाडी धुतलेली, चारही चाकांवर.

"दादा, गाडी तयार हाय."

दादांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मिस्त्रींनी किल्ली दिली नाही. दोन बोटांत धरून ती फिरवत राहिले.

"दादा, एक विचारू? हसायचं न्हाय."

"काय रं?"

"बत्तीस वर्सं ह्या गाड्यांच्या पोटाखाली झोपलो. लोक येतात, सांगतात, मिस्त्री, डोंगरात नेली, नदीतून काढली, काय चालली गाडी! मी म्हनतो, बरं झालं. माझी ट्रायल वडपे नाक्याला संपते. एक गाडी कधी चिखलात घातली न्हाय मी. एकपन न्हाय. कुनी ने म्हनलं न्हाय, आन मी कुनाला बोललो न्हाय." त्यांनी किल्ली मुठीत घेतली. "मला शिकवा."

समोर सलीमभाई कप विसळत होता. त्याचे हात थांबले.

दादा मिस्त्रींकडे बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे. मी सलीमभाईच्या शेगडीकडे बघू लागले.

"लायसन हाय ना?" दादांनी विचारलं.

"हाय."

"मग चप्पल काढ. चिखलात चपलेनं क्लच कळत न्हाय."

आणि दादा सवयीने उजव्या दरवाजाकडे निघाले. दोन पावलं गेले. मग बॉनेटवर हात टेकवत, गाडीला वळसा घालून डावीकडे येऊन बसले.

मी मागे. खारबावपर्यंत दादा सतत बोलत होते. खड्डा आला, गियर बदल, बाईकवाला बघ, एवढा काय आवळून धरतोस, बैल हाय का तो. मिस्त्री "हो दादा, हो दादा" करत घामाघूम. दुसऱ्यांच्या मानेकडे बघणाऱ्या माणसाची मान मी पहिल्यांदाच मागून बघत होते. ती ताठ झाली होती.

चिखलाचा रस्ता सुरू झाला आणि शंभर पावलांत गाडी बसली. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, चिखल उडून माझ्या साडीवर आला. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं, उडी मारून उतरले आणि इस्त्रीच्या शर्टासकट गाडीखाली आडवे झाले.

"काय करतोस रं?" दादा ओरडले.

खालून आवाज आला, "काय तुटलं बघतो!"

दादा इतके हसले, इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मी पाठीवर थापट्या मारल्या. "अरे मिस्त्र्या! तुटलं न्हाय काय! रुतलीय! फोर-व्हील लाव!"

पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक खटका असतो. तो खाली उतरून हाताने फिरवल्याशिवाय पुढची चाकं ओढत नाहीत. मिस्त्रींनी असे खटके आयुष्यात किती उघडले, ग्रीस भरून परत बसवले, त्याला गणती नाही. आता ते चिखलात वाकून डाव्या चाकाचा खटका फिरवत होते, मग उजव्या, आणि दोन्ही वेळा तो लागल्याची हाताने खात्री करत होते.

ते खाली असताना दादा समोर शेताकडे बघत मला म्हणाले, "महिनाभर पार्ट मिळत न्हाय म्हनाला. मीपन इचारलं न्हाय, कुठला." मग थोड्या वेळाने, "सोमवारी डोळ्याच्या डाक्टरकडं ने मला."

"हो, दादा."

मिस्त्री येऊन बसले. चेहऱ्यापासून पायापर्यंत चिखल. फोर-व्हीलचा छोटा दांडा ओढला, क्लच हळू सोडला. पुढच्या चाकांनी चिखलात पकड घेतली, आणि गाडी गुरगुरत, कण्हत, एका बाजूला कलत वर आली. बांधाजवळच्या घट्ट जमिनीवर येऊन थांबली. समोर भात पोटरीत आलेलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात.

दादा उतरायला दरवाजा उघडत होते. मिस्त्रींचे दोन्ही हात अजून स्टेअरिंगवर होते. ते आरशातून मागच्या चिखलाकडे बघत होते.

"दादा," ते म्हणाले, "परत एकदा घालू का?"

दादांनी दरवाजा ओढून घेतला.