मास्तरांची हळद, डॉक्टरबाईंचा कोट

कात्रीने अंगठा कापला तेव्हा शिंपीमास्तरांनी एक छोटासा निर्णय घेतला: बायकोचं ऐकायचं नाही. (हा निर्णय ते वर्षातून दोन-तीनदा घेत आणि दरवेळी तोंडघशी पडत.)

"अहो, साबणाने धुवा आणि पट्टी लावा," ती आतून म्हणाली.

"बरं," म्हणत मास्तरांनी ती वळताच डब्यातली हळद मूठभर काढून जखमेवर थापली. हळद जंतू मारते, सूज उतरवते, सांधे मोकळे करते, हे सगळं त्यांनी मोबाईलवर वाचलं होतं. चिमूटभर पुरली असती, पण मास्तरांचा हात पहिल्यापासून सढळ.

मशीनवर समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंचा पांढराशुभ्र कोट होता. नमुन्याचा. पसंत पडला तर आणखी चाळीस शिवायला मिळणार होते, आणि वर्षभर गिऱ्हाइकाची वाट बघत बसावं लागणार नव्हतं. शेवटचं बटण लावून मास्तरांनी कोट झटकला, तर खिशावर अख्खा अंगठा उमटलेला, पिवळाधमक.

त्यांनी घाईघाईने साबण चोळला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मोबाईलने सांगितलं नव्हतं. आता खिशावर खून झाल्यासारखं दिसू लागलं, आणि नेमक्या त्याच वेळी डॉक्टरबाई दारात.

"मास्तर, एवढं रक्त? शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं?"

मास्तरांना ते काही आठवेना.

"कोटाची काळजी करू नका, रक्त निघतं. हळद-बिळद असती तर मात्र कोट गेलाच म्हणायचा."

मास्तरांनी हळदीचा अंगठा मुठीत लपवला आणि बाही वर केली. डॉक्टरबाई दवाखान्यातून इंजेक्शन घेऊन आल्या. सुई टोचली तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चाळीस कोटांपुढे एका सुईचं काय, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

एवढ्यात नवऱ्याची अब्रू वाचवायला बायको अर्धं लिंबू घेऊन धावत आली. "डॉक्टरबाई, आत्ता काढते डाग."

लिंबू पिळलं मात्र, लाल डाग सगळ्यांदेखत पुन्हा पिवळाजर्द झाला.

डॉक्टरबाईंनी कोट नाकाशी नेला. "मास्तर, तुमच्या अंगात हे वाहतं?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोने एकदा त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं, एकदा डब्याकडे. "उन्हात घालते," ती शांतपणे म्हणाली. "दोन-चार दिवसांत फिका पडेल."

डॉक्टरबाईंनी कोट उलटून शिवण तपासली, काजं ओढून बघितली. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मग त्यांनी पर्समधून औषधं लिहायचं पॅड काढलं, काहीतरी खरडलं आणि कागद मास्तरांच्या पुढे आलेल्या हाताला वळसा घालून बायकोच्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं:

"चाळीस कोट, महिनाअखेर. हळद गुणी आहे, रोज जेवणातून थोडी द्यावी. डबा पेशंटच्या हाती लागू देऊ नये."